नामंजूरच्या पोटातलं मंजूर

...नाही, पण चूक माझी कशी, मला एवढंच सांगा. टिक यंत्राने काढली, कागद प्रिंटरने छापला, सही मॅडमनी केली, आणि सोमवारी सकाळी सतरा माणसं कामावर आली नाहीत तेव्हा सगळ्यांची बोटं कुणाकडे? माझ्याकडे! का, तर म्हणे सूत्र तुम्ही लिहिलंत. अहो लिहिलं, नाही कोण म्हणतंय, पण लिहायला लावलं कुणी? मी काय सकाळी उठून, दात घासून, आता जरा सूत्र लिहू या म्हणून बसलो होतो? मी आपला रुग्णालयाच्या धुलाई विभागातला कारकून. साडेचारशे खाटांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं आमच्याकडे मळकं येतं आणि आमच्याकडून पांढरं जातं, आणि किती आलं किती गेलं ते मी लिहितो. एवढंच माझं काम. वाफ, साबण आणि माझी वही.

तर झालं काय, तुम्हाला सांगतो, आमच्याकडे रजेचा अर्ज पूर्वी छापील कागदावर असायचा. खाली दोन चौकोन. एकापुढे मंजूर, एकापुढे नामंजूर. मॅडम पेन घ्यायच्या आणि नामंजूरच्या चौकोनात टिक करायच्या. विषय संपला. मग आला संगणक. आता माणूस काय करतो, माझ्या खोलीत येतो, मी त्याचा अर्ज संगणकात भरतो, मॅडम त्यांच्या खोलीत बसून यादीतून निर्णय निवडतात, आणि कागद छापून निघतो माझ्या टेबलावर. पण छापून काय निघायचं? नुसतं 'निर्णय: नामंजूर'. चौकोन नाही, टिक नाही, काही नाही. मला वाटलं, बरं झालं, शाई वाचली.

मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, "अहो, हे काय? नुसतं नामंजूर?"

म्हटलं, "मॅडम, तुम्ही तेच निवडलंत."

"ते कळतं मला. पण असं छापलं की वाटतं, मी दुसरा काही विचारच केला नाही. दोन्ही पर्याय कागदावर दिसले पाहिजेत. मंजूर समोर होतं, तरी नामंजूर केलं, हे माणसाला कळायला नको? प्रत्येकापुढे एक चौकोन, आणि निवडलेल्या चौकोनात एक खूण. एक चौकोन, एक खूण. मागणं तरी किती आहे माझं?"

बघा म्हणजे. नाकारायचंय, पण रीतसर नाकारायचंय. मंजूर दिसू द्या, त्याच्याकडे बघू द्या, आणि मग शेजारच्या चौकोनात टिक. बरं, बाईंना दुष्ट म्हणावं तर तेही जमत नाही, कारण बावीस वर्षांत त्यांनी स्वतः एक दिवस रजा घेतलेली नाही. ताप आला तर तापात येतात. अशा माणसावर रागवायचं तरी कुठून सुरू करायचं?

मग मी गेलो वरच्या मजल्यावरच्या संगणकवाल्याकडे. हा गृहस्थ सज्जन, पण त्याला कधीही विचारा, तो दुसऱ्या कुणाशी तरी फोनवर बोलतच असतो. एक कान फोनला, एक कान मला. म्हणाला, "सोपंय काका. हिशेबी रकाना करा. नाही हो, तुम्हाला नाही, इथे काका आलेत. तर काका, प्रत्येक चौकोनासाठी एक वेगळा रकाना. त्या रकान्यात आपण काही भरायचं नाही, तो स्वतःच हिशेब करतो. त्याला सांगायचं, निर्णयाच्या रकान्यात बघ, तिथे अमुक शब्द सापडला तर टिक दाखव, नाही सापडला तर रिकामा चौकोन दाखव. झालं. नाही हो, तुमचं नाही झालं, तुमचं चालूच आहे."

एवढं शिक्षण माझं. उभ्या उभ्या.

खाली आलो, सूत्र लिहिलं, छापलं. टिकच्या जागी निघाली कात्री. होय, कात्री! त्याचं असं की टिक ही साध्या अक्षरांत नसते म्हणे, ती चिन्हांच्या वेगळ्या फॉन्टमध्ये असते, आणि त्या फॉन्टमध्ये आपण एक अक्षर दाबावं तर भलतंच चित्र उमटतं. मी दुसरं अक्षर दाबलं, टेलिफोन आला. तिसरं दाबलं, घंटा आली. चौथं दाबलं तर, तुम्हाला खोटं वाटेल, कवटी आली आणि तीही बरोबर 'कारण: वैद्यकीय' याच्या पुढच्या चौकोनात. त्या वेळी आमचे इस्त्रीमामा नेमके दारात. इस्त्रीमामा म्हणजे मोठ्या रोलरच्या इस्त्रीवरचे आमचे सगळ्यात जुने माणूस. त्यांनी कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला, म्हणाले, "कारकूनसाहेब, नुसतं पाठ दुखतेय म्हणून दोन दिवस मागितले होते. इतकं वाईट आहे का?"

दुपारपर्यंत टिक सापडली. नाकी नऊ आले, पण सापडली. मग मी कारणांचे चारही चौकोन पुरे केले: वैद्यकीय, कौटुंबिक, वैयक्तिक, इतर. माणसाला दोन-दोन कारणं असू शकतात, म्हणून सूत्र तेच ठेवलं, शब्द सापडला की टिक. छान चाललं. तेच सूत्र उचललं आणि खाली निर्णयाला लावलं. मंजूर सापडलं तर मंजूरला टिक. नामंजूर सापडलं तर नामंजूरला टिक. आता मला सांगा, यात वाकडं काय आहे? एक चौकोन, एक खूण!

आणि मी तपासून बघितलं हो! न तपासता द्यायला मी काय वेडा आहे? एक खोटा अर्ज केला. नाव कुणाचं घालावं, तर स्वतःचंच घातलं. रजा चार दिवस, कारण कौटुंबिक. निर्णयात निवडलं मंजूर. छापलं. आणि काय सुंदर दिसत होतं ते, तुम्हाला सांगतो. मंजूरच्या चौकोनात काळीभोर टिक, नामंजूरचा चौकोन रिकामा. मी दोन मिनिटं नुसता बघत बसलो. नामंजूर निवडून तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ते तर रोज बघतोच, म्हटलं, ते काय तपासायचं?

आता माझंच नाव का, चार दिवसच का, ते सांगितलं पाहिजे. ती आमच्या आत्याची भानगड.

माझी आत्या एकोणऐंशी वर्षांची. आई-वडील लवकर गेले, हिने मला वाढवलं. लग्न केलं नाही, का नाही केलं विचारलं तर म्हणते, "तू कुठे करू दिलंस?" मी तेव्हा चार वर्षांचा होतो. तर या आत्याचं एक आहे. तिचं प्रत्येक वाक्य नाहीने सुरू होतं. चहा घेतेस? नाही. म्हणजे अर्धा कप. खिडकी लावू? नको. म्हणजे लाव, पण पूर्ण नको. डॉक्टरकडे जाऊ या? मी नाही येणार. म्हणजे थांब, चप्पल घालते. आमच्या घरी नवीन माणूस आला तर तिला उपाशी ठेवतो आणि खिडकी उघडी टाकतो. मला सवय आहे. एक्कावन्न वर्षांची सवय आहे.

या आत्याची एक मोठी बहीण. नव्वदीला टेकलेली, एक दिवसाच्या प्रवासावर राहते. ती मोठी आत्या. या दोघी चौदा वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. कशावरून? स्वेटरच्या बाहीवरून. आमच्या आत्याने विणून पाठवला, मोठीने फोनवर सांगितलं, "छान आहे, पण एक बाही लांब झालीय." आत्या म्हणाली, "मी मोजून विणलाय." मोठी म्हणाली, "मग मोजणारीचं चुकलं असेल." फोन खाली. चौदा वर्षं! मी मध्ये पडलो नाही असं नाही, पडलो, दोन्हीकडून बोलणी खाल्ली, आणि गप्प बसलो.

आणि गेल्या महिन्यात मोठीच्या शेजारणीचा फोन आला. शेजारीण मला म्हणाली, "तुमच्या मोठ्या आत्या म्हणतात, तिला सांगा, यायचं असेल तर ये, नाही तर येऊ नकोस, मला काही फरक पडत नाही. आणि त्या रोज सकाळी दाराशी खुर्ची टाकून बसतात, हे मी सांगतेय, त्यांनी सांगितलेलं नाही."

मी आत्याला निरोप दिला. आत्या म्हणाली, "मी नाही जायची."

म्हटलं, बरं.

अर्ध्या तासाने म्हणाली, "तिकडे थंडी असते का रे या दिवसांत?"

मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही एकदम. पण आत्याचं हे असं आहे की तिच्या नाहीतला हो फार दिवस टिकत नाही. आठवडाभर टिकेल, दोन आठवडे टिकेल, मग खरोखरच नाही होतं, आणि मग एखाद्या दिवशी शेजारणीचा फोन वेगळ्याच कारणासाठी येईल. नव्वद वर्षांच्या माणसाचं काय सांगता? म्हणून मला चार दिवस रजा हवी होती. लगेच हवी होती. आणि ती द्यायची कुणी, तर मॅडमनी!

अर्ज केला. शुक्रवारी मॅडमनी एकदम एकोणीस अर्जांचा निकाल लावला, माझ्यासकट. दोन धुलाई यंत्रं बंद पडलेली, वॉर्ड भरलेले, त्यामुळे एकोणीसच्या एकोणीस नामंजूर. माझ्या टेबलावर प्रिंटर कागद ओकायला लागला. मी गठ्ठा उचलला, मॅडमकडे नेला. मॅडम सह्या कशा करतात ते बघा. कागदाचा खालचा कोपरा अंगठ्याने उचलायचा, सही, पुढचा कोपरा, सही. वरचं काही बघायचं कारण काय, त्यांनी स्वतःच तर निवडलंय. मी गठ्ठा परत आणला आणि शिक्के मारले. मी कसे शिक्के मारतो? तसाच, कोपरा उचलून. मलाही बघायचं कारण काय, नामंजूर तर नामंजूर. वाटून टाकले. माझा माझ्या खिशात घातला, घडी करून, न बघता. कोण बघतं हो आपलं नामंजूर सारखं सारखं?

शुक्रवारी संध्याकाळी धुलाई विभागात कुणी गाणं म्हणत होतं. मला वाटलं, पाइपमधून वाफ येतेय.

शनिवारी आमची सुट्टी. रविवारी सकाळी आत्याला सांगायचं म्हणून जीव गोळा केला, खिशातून कागद काढला, उघडला. आणि बघतो तर काय? मंजूरला टिक. आणि नामंजूरलाही टिक.

म्हटलं, आपण झोपेत आहोत का? चष्मा पुसला. दोन टिका. मग एकदम ट्यूब पेटली, आणि मी कपाळाला हात लावला. अहो, शब्द बघा ना. नामंजूर. ना आणि मंजूर. मी यंत्राला सांगितलं होतं, मंजूर हा शब्द सापडला की टिक कर. त्याने नामंजूर उघडलं, आत बघितलं, सापडलं मंजूर! पोटातच होतं ना ते! यंत्राचं काय चुकलं? त्याला काय माहीत की आधी ना लागला म्हणजे माणसाचे चार दिवस गेले? म्हणजे मॅडमनी जेवढी नामंजूर दिली त्या प्रत्येकात मंजूरही निघणार. एकोणीसच्या एकोणीसात!

आणि मंजूर आधी छापलेलं, नामंजूर नंतर. माझी माणसं, सालस माणसं, पंधरा-पंधरा वर्षं त्या चौकोनात टिक न बघितलेली. पहिल्याच चौकोनात टिक दिसल्यावर पुढचं कोण वाचणार? मी फोन फिरवायला घेतले. कुणी गाडीत, कुणी गावाला पोचलेलं, कुणाचा फोन बंद. एकाची बायको म्हणाली, "ते झोपलेत, बावीस महिन्यांनी झोपलेत, मी उठवणार नाही."

आता माझी गंमत बघा. तोच कागद माझ्याही खिशात होता. मंजूरला टिक, खाली मॅडमची सही, वर माझाच शिक्का. आत्या समोर बसलेली. मी म्हणू शकलो असतो, चल आत्या. सतरा जण गेलेच होते, अठरावा मी. पण ते सतरा जण खऱ्या मनाने गेले होते हो, त्यांना टिक खरी वाटली होती. मला माहीत होतं ती टिक कुठून आली. मीच लिहिली होती ती. दुसऱ्याने फसावं आणि आपण फायदा घ्यावा हे एक वेळ जमेल, पण स्वतःच्याच चुकीने स्वतः फसल्याचं सोंग कसं आणायचं?

म्हटलं, "आत्या, रजा नाही मिळाली."

आत्या म्हणाली, "बरं झालं. मला कुठे जायचं होतं?" आणि उठून आत गेली. आणि तुम्हाला सांगतो, एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा मला तिच्या नाहीत काही सापडलं नाही. नुसतं नाहीच होतं ते. त्या दिवशी तिने चहाला नको म्हटलं आणि खरंच घेतला नाही.

सोमवारी कामावर गेलो. एकोणीसपैकी हजर दोन. एक मी. आणि दुसरे इस्त्रीमामा. मी म्हटलं, "मामा, तुम्ही कसे आलात?" तर म्हणाले, "न यायला काय झालं?" म्हटलं, "कागद बघितला नाहीत?" म्हणाले, "कागद? तो मी उघडलाच नाही. पंधरा वर्षांत त्यात काही वेगळं आलंय का?" त्यांनी तो तसाच डब्याखाली घातला होता.

मॅडम आल्या. रिकामा हॉल बघितला. रोलर थंड, घडीच्या टेबलांवर कुणी नाही, आणि मध्ये वाळलेल्या चादरींचा हा एवढा ढीग. मी सगळं सांगितलं. ना, मंजूर, पोट, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन मागवला. म्हणाल्या, लावा एकेकाला.

पहिला धुलाईवाला म्हणाला, "मॅडम, दोन खुणा होत्या हो, पण मला वाटलं लिहिता लिहिता तुमचं मन बदललं."

घडीवाली बाई म्हणाली, "मॅडम, मला वाटलं दुसरी चुकून पडली."

तिसरा तर म्हणाला, "दोन टिका म्हणजे डबल मंजूर ना? मी दोन दिवस जास्तच धरून आलोय."

मॅडमनी फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. त्या म्हणाल्या, "एक चौकोन, एक खूण. एवढंच मागितलं होतं." आणि बाह्या वर सारल्या, आणि चादरीची दोन टोकं उचलली. म्हणाल्या, "बघताय काय? धरा तिकडून."

आता चादरीची घडी ही एकट्याची गोष्ट नाही, तुम्ही घातलीच असेल. दोघांनी दोन दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग एकमेकांकडे चालत यायचं, टोकाला टोक द्यायचं, परत मागे जायचं. दर चादरीला तीनदा. म्हणजे बघा, ज्या बाईंच्या समोर मी बावीस वर्षं दाराच्या आत दोन पावलं उभा राहिलो, त्यांच्या नाकासमोर मी मिनिटाला तीनदा जाऊन उभा राहतोय. आणि घडी! काय घडी घालतात हो मॅडम! हात असे चालत होते की माझीच टोकं घसरत होती. मी म्हटलं, "मॅडम, हे कुठे शिकलात?"

म्हणाल्या, "याच टेबलावर. नऊ वर्षं घडीवाली होते मी. तुम्ही यायच्या आधी."

मला माहीतच नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

चार-पाच चादरींनंतर त्याच म्हणाल्या, "तेव्हाच्या साहेबांनी एकदा सगळ्यांना रजा दिली. चांगले होते बिचारे, नाही म्हणता यायचं नाही त्यांना. वरती वॉर्डात चादरी पुरल्या नाहीत. माझे वडील होते त्या वॉर्डात. तीन दिवस नुसत्या रेक्झिनवर झोपले. पाठ चिकटायची त्यांची." आणि टोक माझ्या हातात दिलं. "म्हणून मला नाही म्हणता येतं."

मी चादर झटकली.

मग म्हणाल्या, "तुम्ही का आलात? तुमच्याही कागदावर टिक होती."

म्हटलं, "सूत्र माझंच आहे मॅडम."

"हं. आणि रजा कशाला हवी होती?"

"कौटुंबिक."

"ते छापलंय. कौटुंबिक म्हणजे काय?"

खरं सांगतो, बावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. चौकोन आहे ना, टिक आहे ना, मग विचारायचं काय? मी सांगायला लागलो. एका चादरीत आत्या सांगितली. दुसऱ्या चादरीत मोठी आत्या. स्वेटरची बाही दोन चादरींत आली, कारण मॅडम मध्येच हसल्या आणि घडी मोडली. दाराशी टाकलेली खुर्ची सांगितली. मग रविवारचा चहा सांगितला. पुढच्या किती तरी चादरींच्या आम्ही नुसत्या घड्या घातल्या.

दुपारपर्यंत सतरातले आठ जण आपणहून परत आले. कुणी चौकशी न करता रोलर तापवले, टेबलं धरली. इस्त्रीमामांनी सगळ्यांना एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, "मंजूर कसलं? मी तर कागदच उघडला नव्हता."

मॅडमनी हात पुसले आणि मला म्हणाल्या, "तुमचा कागद द्या." मी खिशातून काढून दिला. त्यांनी दोन्ही टिका बघितल्या. "यातली एक चुकीची आहे ना?"

"हो मॅडम. म्हणजे सूत्राप्रमाणे बघितलं तर..."

"सूत्र राहू द्या." पेन काढलं आणि नामंजूरची टिक खोडली. खोडून बाजूला सही केली. "उद्यापासून चार दिवस. आणि आल्यावर ते यंत्र आधी नीट करा. त्याला म्हणावं, आतलं बघू नकोस, वरचं वाच."

मी धावत घरी गेलो. पंचावन्नाव्या वर्षी, धावत! म्हटलं, "आत्या, मिळाली रजा!"

आत्या म्हणाली, "मी नाही जायची."

मी दारातच उभा राहिलो. कारण आता मला खात्री नव्हती, कालचं नाही अजून कानात होतं. अर्धा मिनिट गेलं.

"गाडी किती वाजताची आहे?" म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

तिथे पोचलो. दाराशी खुर्ची, खुर्चीत मोठी आत्या. केवढीशी झाली होती. मोठी म्हणाली, "कशाला आलीस?"

आत्या म्हणाली, "मी कुठे आले? यानं आणलं."

"बसू नकोस मग."

"नाहीच बसणार," म्हणाली आणि बसली. आणि तुम्हाला सांगतो, त्यानंतर चार दिवस त्या दोघी अखंड बोलत होत्या. मी मध्ये बसून नुसता इकडून तिकडे मान फिरवत होतो. कुठल्या शाळेत कुठल्या बाईंनी कुणाला मारलं, ते सत्तर वर्षांपूर्वीचं भांडण पुन्हा काढून पुन्हा मिटवलं. बाहीचा विषय कधी निघतो याची मी वाट बघत होतो. चार दिवसांत तो निघाला नाही. रात्री दोघी एकाच खोलीत झोपायच्या, आणि शेवटच्या सकाळी मी चहा घेऊन गेलो तर आमची आत्या मोठीचे केस विंचरत होती, आणि मोठी म्हणत होती, "ओढू नकोस, तुझा हात पहिल्यापासून जड."

निघताना मोठी मला म्हणाली, "हिला पुन्हा आणू नकोस हां. आणि पुढच्या महिन्याच्या शेवटी तर मुळीच नको, तेव्हा माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

आत्या म्हणाली, "मी कशाला येतेय? कोणता डोळा?"

म्हणजे आता मला पुन्हा रजा हवी. हे समजायला मला यंत्राची गरज नव्हती.

परत आलो, पहिलं काम सूत्र दुरुस्त केलं. संगणकवाल्याकडे गेलो, त्याने फोन कानाला ठेवूनच सांगितलं, "काका, सापडला तर नका म्हणू, अगदी तोच शब्द असला तर म्हणा. नाही हो, तुमचा शब्द मी मोडत नाहीये." केलं. आता नामंजूर म्हणजे नामंजूर. मंजूरचा चौकोन पांढरा स्वच्छ. वीस कागद छापून बघितले, या वेळी नामंजूरच निवडून. बिनचूक. एक चौकोन, एक खूण. आणि खरं सांगू? बघून जरा वाईटच वाटलं. जुनं यंत्र चुकीचं होतं, पण माणूस बरा होता तो.

मग माझा अर्ज भरला. चार दिवस, पुढचा महिना, कौटुंबिक. मॅडमनी बोलावलं. पडद्यावर माझा अर्ज उघडा, आणि बाई नुसत्या बघतायत. मंजूरही निवडेनात, नामंजूरही निवडेनात. धुलाई यंत्रं अजून दुरुस्तीला गेलेली, मला दिसतच होतं. शेवटी म्हणाल्या, "असं करा. एक तिसरा चौकोन घ्या. 'तूर्त नामंजूर'."

म्हटलं, "मॅडम, तूर्त नामंजूरच्या पोटात नामंजूर आहे, आणि नामंजूरच्या पोटात..."

"ठाऊक आहे मला," म्हणाल्या, "कुणाच्या पोटात काय आहे ते. तुम्ही चौकोन करा. मागणं तरी किती आहे?"

केला. पहिला कागद निघाला तो माझाच. तूर्त नामंजूर, काळीभोर टिक, बाकी दोन्ही चौकोन रिकामे. नीट बघून घरी नेला, कारण आता कागद न बघता खिशात घालायचा नाही हे मी शिकलोय. आत्याने तो चष्मा लावून तीनदा वाचला.

म्हणाली, "मी काही जायची नाहीये. पण हे तूर्त म्हणजे किती रे?"

म्हटलं, "ते नाही गं लिहिलेलं."

"मग विचार ना. मला नाही जायचं, पण विचार. डोळा तिचा उजवा आहे, तेव्हा कुणी तरी डाव्या बाजूला बसायला लागेल."

आता मला सांगा, हे मॅडमना कसं विचारू? कारण विचारलं की त्या काय म्हणणार ते मला आत्ताच ऐकू येतंय. "तूर्तपुढे दिवसांचा एक रकाना घ्या." आणि तो हिशेब करायला बसणार कोण? मीच.